फॅमिली कॅम्पिंगवर मुलांसाठी रहस्यकादंबरी कशी लिहायची (भंडारदऱ्याची एक रात्र घेऊन)

मुलांसाठी रहस्यकथा लिहायची म्हटलं की बरेच जण पहिल्याच पानावर आईबाबांना घालवून टाकतात. बाबा ऑफिसच्या कामाला दिल्लीला, आई आजारी मावशीकडे, आणि मुलांना मोकळं रान. पण गोष्ट फॅमिली कॅम्पिंगची असेल तर ही सोय नाही, सगळं घर तिथेच आहे, एका तंबूत, एकमेकांचे पाय एकमेकांना लागतायत, कोण घोरतं ते सगळ्यांना माहितीये. आणि माझं ठाम मत आहे की हीच या गोष्टीची ताकद आहे. घरच्यांना बाजूला सारू नका, रहस्य त्यांच्यातूनच विणा. आजीचा उपास, बाबांची एखादी सवय, मामा मधेच कुठे गायब होतो, धाकट्याची बडबड, यातच पुरावे लपवता येतात आणि वाचणाऱ्या मुलाला ते दिसूनही दिसत नाहीत, कारण घरात असं रोजच चालतं ना.

नुसत्या सूचना देऊन हे कळत नाही, म्हणून एक अख्खी गोष्ट रचत रचत सांगते. तुम्ही तुमची जागा घ्या, तुमची माणसं घ्या, पण क्रम हाच ठेवा.

आधी जागा ठरवायची, आणि जागेबरोबर महिना. "जंगलात एका तळ्याकाठी" असं लिहिलंत तर तिथे पुरावे उगवणारच नाहीत, कारण त्या तळ्याला ना ऋतू ना चिखल. मी भंडारदरा घेते. अकोले तालुका, प्रवरा नदीवर 1926 साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, त्यामागचा आर्थर लेक, आणि जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी अशी गावं. एकीकडे कळसूबाई, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, दुसरीकडे रतनगड. मुंबई, पुणे, नाशिककडची कितीतरी कुटुंबं इथे गावकऱ्यांच्या शेतात लावलेल्या तंबूंत राहून आलीयेत, त्यामुळे वाचणाऱ्या मुलांपैकी काहींनी ही जागा बघितलेली असणार. धरण, डोंगर, रस्ता खरेच ठेवा, पण वाडीचं आणि कॅम्पचं नाव मनाचं द्या, म्हणजे खऱ्या कुणावर चोरीचा आळ येत नाही.

आता महिना. याच जागी डिसेंबरात गेलात तर धरण भरलेलं, कडाक्याची थंडी, पहाटे तंबू दवाने ओला, म्हणजे ओल्या गवतावरच्या पायवाटेचा पुरावा मिळतो. मेच्या शेवटी गेलात तर ते सगळं नाही, पण पाणी खाली गेलेलं, काठाला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा, आणि मुख्य म्हणजे काजवे. मेअखेर ते साधारण जूनच्या मध्यापर्यंत, पावसाच्या तोंडावर, हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर हजारो काजवे एकदम लुकलुकतात. राज्य बोर्डाच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात, म्हणजे सुट्टीचे शेवटचे दिवस, मुलांना तसंही घरी जायचं नसतं. आणि वळीव कधीही कोसळू शकतो. पाऊस आला की ठसे गेले. मुलांच्या गोष्टीत बॉम्ब आणि उलटं मोजणारं घड्याळ कशाला पाहिजे, पश्चिमेला ढग जमायला लागले हे एवढं पुरतं, दर प्रकरणात ढग थोडे जास्त काळे करा.

मग काय हरवलं ते. खून नको, आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिताय. पण किल्ली हरवली, चॉकलेट गेलं असलंही नको, मुलांना लगेच कळतं की आपल्याला बाळ समजतायत. गोष्ट लहान असावी पण कुणासाठी तरी फार मोठी असावी. मी हरवते ती एक वही. कॅम्पवर काजवे दाखवायला नेणारा गावातला सोमादादा, त्याने वर्षानुवर्षं लिहिलेली वही: कुठल्या झाडावर काजवे आधी येतात, पहिला पाऊस कधी झाला, कुठल्या वर्षी कुठलं झाड रिकामं राहिलं. अकरा वर्षांच्या रेवाने इतके प्रश्न विचारले की त्याने खूश होऊन ती वही तिला एका रात्रीपुरती वाचायला दिली. आणि ती रेवाच्या उशीखालून गेली. आता बघा, वही सोमादादाची पण हरवली रेवाकडून, म्हणजे शोधणं तिला भागच आहे. डिटेक्टिव्ह व्हायची हौस आहे म्हणून शोधणारी मुलं आणि आपल्यावर विश्वास टाकलेल्या माणसाला तोंड दाखवायचंय म्हणून शोधणारी मुलं यात फार फरक पडतो, दुसरी वाचकाला जास्त जवळची वाटतात.

एक गोष्ट कळकळीने सांगते. अशा शहरी कुटुंबाच्या गोष्टीत पहिला संशय नेहमी स्थानिक माणसावर जातो, चूल पेटवणारा मुलगा, पाणी आणणाऱ्या मावशी. कृपया असं करू नका, आणि कुठल्या पात्राने तसा संशय घेतलाच तर गोष्टीत त्याला कुणीतरी थेट विचारायला हवं की का रे बाबा, हिच्यावरच का? या भागातली महादेव कोळी, ठाकर समाजाची माणसं ते जंगल आपल्यापेक्षा शंभरपट ओळखतात. माझ्या गोष्टीत म्हणूनच नुकसान सोमादादाचं झालंय आणि जाणकारही तोच आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. पहिलं प्रकरण लिहायला घेऊ नका. आधी त्या रात्री खरंच काय झालं ते मिनिटामिनिटाने एका कागदावर लिहून काढा, जणू तुम्ही झाडावर बसून सगळं बघताय. हा कागद वाचकाला कधीच दिसणार नाही, पण तुमच्या कादंबरीतलं प्रत्येक वाक्य त्याला विचारून लिहायचंय. माझा कागद असा:

7.30 – सोमादादा वही देतो. रेवा ती तंबूत उशीखाली ठेवते. बाबा तंबूची चेन लावतात, दोन्ही पुलर अगदी खाली जमिनीशी आणून, विंचू शिरू नये म्हणून. ते नेहमी असंच करतात.
7.45 – सगळे चुलीपाशी जेवायला. आजी जेवत नाही, आज संकष्टी.
8.15 – सगळे सोमादादाबरोबर काजवे बघायला. आजी गुडघ्यामुळे चुलीपाशीच थांबते. शेजारच्या तंबूतले काका दमलो म्हणून आपल्या तंबूत. मामा वाटेत मागे राहतो.
8.40 – काका रेवाच्या तंबूत शिरतात, टॉर्च लावून वही शोधतात. मामाच्या पावलांचा आवाज येतो, घाबरून वही घेऊनच बाहेर पडतात, चेन घाईत अर्धीच लावतात.
9.00 – मामा मागच्या चढावर, रेंज शोधत.
9.30 – सगळे परत. धाकटा ओजस चंद्र आला का बघायला तीनदा पळतो.
10.10 – चंद्र डोंगराआडून वर. आजी जेवते.
सकाळी 6.30 – वही नाही.

आणि हेतू? काका सहली नेतात, त्यांना पुढच्या वर्षी त्या झाडांखाली बसभर माणसं आणायचीयेत, पण सोमादादा ती झाडं दाखवत नाही, कारण गर्दी आणि फ्लॅश झाले की काजव्यांचं मीलन बिघडतं. काजव्याचा उजेड म्हणजे जोडीदाराला दिलेला इशारा असतो, त्यात आपला टॉर्च घुसला की इशारे दिसेनासे होतात. वनखातं टॉर्च-फ्लॅश नको म्हणतं ते यासाठीच, आणि लागलाच तर लोक टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावतात. हा लाल कागद लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

कागद झाला की त्याला एक वाचणारं पोर म्हणून प्रश्न विचारा. पहिला प्रश्न आजचं कुठलंही मूल विचारेल: वही कशाला चोरली, मोबाईलने फोटो काढायचे ना? याचं उत्तर नसेल तर गोष्ट तिथेच मेली. उत्तर असं की काका फोटोच काढायला आले होते, पानांचे फोटो काढून वही परत ठेवायची असं ठरवलं होतं, पण पावलं वाजली आणि वही हातातच राहिली, मग सकाळी बोंबाबोंब झाल्यावर परत ठेवायची सोय राहिली नाही. बघा, एका प्रश्नाने काका कार्टूनमधले व्हिलन राहिले नाहीत, चुकीच्या गोष्टीला हात घालून त्यात अडकलेला माणूस झाले. असेच प्रश्न विचारत राहा. रेवाने स्वतः फोटो का नाही काढले? कारण फोन आईकडे, कॅम्पला फोन नाही असं घरी ठरलेलं. आजीला काका तंबूत शिरताना का दिसले नाहीत?

या शेवटच्या प्रश्नासाठी नकाशा काढावा लागतो. खरोखर काढा, पेन्सिलने. चूल कुठे, कुटुंबाचा तंबू कुठे, त्याचं दार कुठल्या दिशेला, काकांचा तंबू, गाड्या, संडास, पाण्याची टाकी, तळ्याकडे उतरणारी वाट, आणि सगळं पावलांत मोजा, मीटरमध्ये नको, मुलं पावलांत मोजतात. माझ्या नकाशात चुलीपासून तंबूची पाठ दिसते, दार दिसत नाही. म्हणजे आजीला माणूस दिसला नाही. पण तंबूच्या आत टॉर्च लावला तर अख्खा तंबू आकाशकंदिलासारखा उजळतो, ते तर कुठूनही दिसतं! म्हणून आजी रात्री सहज म्हणते, "अगं तुम्ही गेल्यावर तुमच्या तंबूत लाल दिवा राहिला होता, मग गेला आपोआप." कुणी लक्ष देत नाही, बाबा म्हणतात बॅटरी संपली असेल. सकाळी त्याच टॉर्चने ओजस भिंतीवर, म्हणजे तंबूच्या कापडावर, सावलीचा कुत्रा करून दाखवतो. बॅटरी तर चांगली आहे. वाचणाऱ्याला इथे खटकलं तर खटकलं, नाही खटकलं तर शेवटी तो मागची पानं उलटून बघेल आणि मला वाटतं पानं उलटून बघायला लावणं हीच रहस्यकथेतली सगळ्यात मोठी मजा आहे.

पुरावा कधीही एकटा ठेवू नका. "रेवाला जमिनीवर एक लाल कागदाचा तुकडा दिसला" असं सुटं वाक्य लिहिलंत की मूल म्हणतं हां, क्लू आला. जेवणाच्या गडबडीत, भांडणात, हसण्यात तो मिसळून टाका. चेनचे पुलर खाली आणायचे म्हणून बाबा ओजसला ओरडतात, ओजस बाबांची नक्कल करतो, सगळे हसतात, वाचक पण हसतो, आणि बाबांची सवय त्याच्या डोक्यात जाऊन बसते. मग सकाळी पुलर मध्यावर दिसतात हे तुम्ही एका ओळीत, दुसऱ्याच कशाच्या नादात, सांगून पुढे निघायचं. कुठलाही महत्त्वाचा पुरावा निदान दोनदा यायला हवा, एकदा गंमत म्हणून आणि एकदा नीट बघितलं म्हणून, नाहीतर शेवटी वाचकाला फसवल्यासारखं वाटतं.

आता मुख्य पुरावा, ज्याने काका सापडतात. सकाळी काका स्वतःहून मदत करायला येतात आणि म्हणतात, "साडेआठ-पावणेनऊला मी तळ्याकाठी फिरत होतो, काय सुंदर चांदणं पडलं होतं, तेव्हा तुमच्या तंबूपाशी एक माकड दिसलं लांबून, त्यानेच नेली असेल वही." सगळे मान डोलावतात. या एका वाक्यात दोन खोटी आहेत आणि दोन्ही मुलांना स्वतःच्या डोक्याने पकडता येण्यासारखी आहेत. माकडं-वानरं दिवसाची जनावरं, अंधार पडला की झाडावर जाऊन बसतात, रात्री तंबूत शिरत नाहीत, उदमांजर म्हणाले असते काका तर पचलं असतं. हे तरबेज वाचक पहिल्यांदा पकडेल. पण खरं खोटं चांदण्याचं आहे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज साधारण पाऊण तास-पन्नास मिनिटं उशिरा, म्हणजे संकष्टीला, पौर्णिमेनंतरच्या चतुर्थीला, जूनच्या सुरुवातीला तो दहाच्या आसपास येणार, त्यात पुढ्यात डोंगर. पावणेनऊला चांदणं कुठून आणणार? हे मराठी मुलाला खगोलशास्त्र म्हणून शिकवायला लागत नाही, घरात कुणी ना कुणी संकष्टीला कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ बघून ताटकळत बसलेलं त्याने पाहिलेलं असतं. म्हणून मी मुद्दाम आजीला उपास घातलाय. तिसऱ्या प्रकरणात सगळे पिठलं-भाकरी खातायत, आजीचं ताट झाकून ठेवलंय, ओजस दर पाच मिनिटांनी "आजी, आला नाही गं अजून" करत येतो. मूल वाचताना हसणार, आजी-नातवाचं छान चाललंय म्हणणार, आणि पुरावा त्याच्या डोळ्यासमोर ठेवलेला असणार.

तुम्ही म्हणाल की सगळेच त्या अंधारात काजवे बघत होते, मग कुणालाच लक्षात कसं आलं नाही? कारण काजवे दाट झाडाखाली बघितले, तिथे अंधार असणारच, आणि रात्री झोपताना बाहेर खरंच टिपूर चांदणं होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी माणसाला आठवतं ते "काल चांदणं होतं" एवढंच, किती वाजता होतं ते कोण लक्षात ठेवतंय. माणसाच्या आठवणीची ही गफलत रहस्यकथेत फार कामाची आहे, मोठी पात्रं मूर्ख न दाखवताही ती चुकतात.

मोठी माणसं मूर्ख दाखवायची नाहीत हे परत सांगते. आईबाबा शोध का घेत नाहीत? बावळट आहेत म्हणून नाही. बाबांना शेजारच्या तंबूशी वाद नको, आईला वाटतं आपल्याच सामानात कुठेतरी असेल, आणि दोघंही म्हणतात की जाऊ दे गं, आपण सोमादादाला नवी वही आणि पैसे देऊ. हे वाईट लोक नाहीत, दमलेले लोक आहेत, आणि नवी वही देऊन भागणार नाही हे रेवाला कळतं पण त्यांना अजून कळलेलं नाही, या फटीतून गोष्ट पुढे सरकते. मुलांना हिंडायची मोकळीक किती, तर हाकेच्या अंतरावर. आईने हाक मारली की ओ द्यायची, एवढाच नियम. तो नियम शेवटपर्यंत पाळा. मग एकदा वाऱ्यामुळे हाक ऐकूच येत नाही असं झालं तर ते प्रकरण आपोआप थरारक होतं, वेगळं काही करावं लागत नाही.

चकवा देणारी पात्रं पण घरातलीच घ्या. ओजसने दुपारी कुठल्यातरी वहीची पानं फाडून होड्या केल्या होत्या, म्हणून रेवाला पहिला संशय त्याच्यावर, आणि ती त्याला सगळ्यांसमोर बोलते, तो रडतो, होड्या तर त्याच्याच चित्रकलेच्या वहीच्या निघतात. आता रेवाला माफी मागायला लागते. दुसरा चकवा मामा. तो रात्री कुठे गेला ते सांगत नाही, विचारलं की विषय बदलतो, गेल्या वर्षी कॅम्पिंगचा धंदा काढू म्हणायचा. रेवा त्याचा पाठलाग करते आणि तिला कळतं की मामाची नोकरी गेलीये, त्याने घरात कुणालाच सांगितलेलं नाही, चढावर जाऊन तो कामासाठी लोकांना फोन करत होता. हे मला या अख्ख्या गोष्टीतलं सगळ्यात जवळचं प्रकरण वाटतं. शोध घेताना आपल्या माणसाचं गुपित हाताला लागलं तर त्याचं काय करायचं? रेवा ते आईला सांगते की नाही? मी तिला सांगू देत नाही, ती मामाला म्हणते की तूच सांग, आणि शेवटच्या प्रकरणात तो सांगतो. चकव्याचा एवढा नियम पाळा की खोट्या वाटेच्या टोकालाही काहीतरी खरं हाताला लागलं पाहिजे, नुसतं "अरे हा नव्हता तर" एवढ्यावर मूल नाराज होतं. लाल जिलेटिनचा तुकडा पण असाच, तो सगळ्यांच्याच टॉर्चला आहे, त्यामुळे तुकडा सापडला तरी कुणी पकडलं जात नाही, उलट मुलं आपल्याच घरच्यांचे टॉर्च तपासायला लागतात.

एक शेवट मात्र टाळाच, "अगं हे सगळं तुझ्या वाढदिवसाच्या सरप्राइजसाठी होतं" हा. मुलाने शंभर पानं जीव मुठीत धरून वाचलेली असतात, त्याला शेवटी केक देऊन गप्प करायचं नाही.

भीती किती ठेवायची? रात्र, आवाज, न दिसणारं काहीतरी, हे चालतं आणि हवंच. पण मुलं एकटी धरणाच्या पाण्यात उतरलीयेत, पावसात सांदण दरीत शिरलीयेत असलं काही लिहू नका. सांदणची घळ फार अरुंद, पावसात तिथे पाण्याचा लोंढा आला तर बाहेर पडायला जागा नसते, आणि वाचणारं मूल पुढच्या सुट्टीत तिथे जाऊ शकतं. तसंच चोराला मुलांनी एकट्याने गाठणं पण नको. रेवा सगळे पुरावे जुळवते आणि मग आईबाबांना सांगते, आणि ते ऐकतात. ऐकतात हे महत्त्वाचं, इतका वेळ ऐकलं नव्हतं ना.

उलगड्याचा प्रसंग लिहिताना सगळ्यांना गोल बसवून मुलीच्या तोंडी तीन पानी भाषण देऊ नका. माझ्या गोष्टीत सगळे चहा पितायत, पश्चिमेकडून वारा सुटलाय, सामान आवरायची घाई, काका पण तिथेच. रेवा फक्त आजीला विचारते, "आजी, काल तू जेवलीस किती वाजता?" आजी म्हणते, "दहा वाजून गेले की गं, चंद्र दिसल्याशिवाय कशी जेवणार?" आणि बाबांचा कप तोंडापाशी थांबतो, ते काकांकडे बघतात. बस. ज्याला कळलं त्याला कळलं, ज्याला नाही कळलं त्याच्यासाठी पुढच्या पानावर ओजस विचारतोच, "म्हणजे काय?" धाकटं भावंड गोष्टीत ठेवायचा हा मोठा फायदा, वाचकाला विचारायचे ते प्रश्न तोच विचारतो.

वही कुठे आहे ते तुम्ही ठरवा, मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उंबराच्या ढोलीत ठेवलीये, आणि पावसाचे पहिले टपोरे थेंब पडतानाच ती निघते, कडेची पानं भिजलेली. पुढे काकांचं काय करायचं हे पोलीस नाही ठरवत, रेवाचे बाबा पण नाही, सोमादादा ठरवतो, कारण नुकसान त्याचं झालंय. तो काय ठरवतो ते लिहायला दोन-तीन वेळा बसावं लागेल, घाई करू नका. माफ करून टाकलं असं झटकन लिहिलंत तर खोटं वाटतं.

भाषेबद्दल थोडंच. आजची मुलं "सिरियसली?", "अरे यार" म्हणतात, म्हणू द्या, पण दर वाक्यात नको. सोमादादाच्या तोंडी ओढूनताणून ग्रामीण बोली घालू नका, तुम्हाला त्या भागातली बोली कानाने माहीत नसेल तर त्याला साधं, कमी शब्दांत बोलू द्या, त्याचं शहाणपण झाडांच्या माहितीतून दिसेल. "चंद्र वर आला की काजवे फिके पडतात, त्याच्या आधी जाऊ" एवढं एक वाक्य त्याने चौथ्या प्रकरणात म्हटलं तरी बास, आणि हो, तो पण पुरावाच आहे. निसर्गवर्णन तीन ओळींच्या वर गेलं की मूल पान उलटतं, त्यामुळे रतनगडाचं नेढं (कड्यातलं आरपार भोक), रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ, हे दाखवायचं असेल तर तिथे काहीतरी घडवा, नाहीतर राहू द्या.

लांबी म्हणाल तर या वयाला वीस हजार शब्दांच्या आसपास पुष्कळ झालं, बाराशे ते पंधराशे शब्दांचं एक प्रकरण, म्हणजे झोपायच्या आधी एक वाचून होतं. प्रकरण संपताना दरवेळी किंचाळी नको. कधी एखादा प्रश्न, कधी नुसतं काहीतरी जागेवर नाहीये असं दिसणं, कधी आईने मारलेली हाक.

लिहून झालं की मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, स्वतःच्या घरातल्या नाही, ती लाडाने छान म्हणतात, बिल्डिंगमधल्या चार-पाच गोळा करा. काका चांदण्याचं बोलतात त्या प्रकरणानंतर थांबा आणि प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहायला सांगा, चोर कोण आणि का वाटतं. सगळ्यांनी काका लिहिलं तर पुरावे उघडे पडलेत, आजीच्या उपासाची एखादी ओळ कमी करा आणि मामाला थोडा जास्त संशयास्पद करा. एकानेही काका लिहिलं नाही तर ओजसला चंद्र बघायला आणखी एकदा पळवा. काहींनी काका लिहिलं पण कारण माकडाचं दिलं तर उत्तम चाललंय, चंद्र अजून लपलेला आहे. वाचताना कुठे चुळबुळ सुरू होते तिथे समासात खूण करा, ते पान बहुतेक वर्णनाचं निघतं. मोठ्यांना द्यायचं ते यानंतर, आणि तेही शुद्धलेखन बघायला आणि त्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये संकष्टी नेमकी कधी येते ते तपासायला.